मुलांना युवा गटात पाठवण्याआधी

दरवर्षी जूनमध्ये युवा गटाच्या नावनोंदणीची सूचना मिस्सानंतर वाचली जाते आणि देवळाबाहेर दोन-चार पालक मला गाठतात. प्रश्न बहुधा ठरलेले असतात. "फादर, त्या गटात जाऊन मुलगा शिकणार काय? सर्टिफिकेट मिळतं का? पुढे कॉलेजच्या ॲडमिशनला त्याचा उपयोग होतो का?"

प्रश्न रास्त आहेत. मुंबईत मुलाचा रविवार ही साधी गोष्ट नव्हे. आठवडाभर शाळा, क्लास, बस-रिक्षाची धावपळ. उरतो तो हा एक दिवस. तो कोणाच्या हवाली करायचा याचा विचार आईबापांनी केलाच पाहिजे. म्हणून आज या प्रश्नाचा थोडा अभ्यास करू. ज्या गटांत मुले एखादे काम स्वतःच्या हातांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत करतात आणि ते करता करता जगायला लागणारी कौशल्ये शिकतात, अशा गटांबद्दल मी बोलतो आहे. नुसत्या पिकनिकच्या आणि नाताळच्या डान्सच्या गटांबद्दल नाही. (पिकनिकला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर पुढच्या रविवारी युवक माझ्याकडे बघणार नाहीत.)

'जीवनकौशल्ये' हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात अशा दहा कौशल्यांची यादी केली. निर्णय घेणे, अडचण सोडवणे, चिकित्सक विचार, सर्जनशील विचार, नीट संवाद साधणे, माणसांशी संबंध राखणे, स्वतःला ओळखणे, दुसऱ्याच्या जागी जाऊन बघणे, ताण सोसणे आणि भावनांना आवर घालणे, अशी ती दहा. यादी उत्तमच आहे. पण तिचे धडे झाले, धड्यांवर प्रश्न आले आणि प्रश्नांची उत्तरे पाठ होऊ लागली. 'निर्णय कसा घ्यावा' या प्रश्नाला पाचपैकी पाच गुण मिळवणाऱ्या मुलीने दहावीनंतर कोणत्या शाखेला जायचे, हे मात्र घरातले काका आणि शेजारचे अंकल ठरवतात. तिला एकदाही काही ठरवू दिलेले नसते, तर तिला ते येणार कुठून?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ आम्हाला अभ्यासाला होता. त्याच्या दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला एक साधा विचार आहे. काही गोष्टी आपल्याला निसर्गाने मिळतात. डोळ्यांनी बघण्याचा सराव केला म्हणून दृष्टी आली असे होत नाही. दृष्टी आधीच असते, मग आपण बघतो. कला-कारागिरीचे आणि सद्गुणांचे उलट आहे. तिथे आधी करावे लागते, मग येते. घरे बांधून माणूस गवंडी होतो, वाद्य वाजवून वादक होतो, तसाच न्यायाने वागून वागून न्यायी होतो आणि धीर धरून धरून धीराचा होतो. धैर्य म्हणजे काय यावर व्याख्यान ऐकून कोणी धैर्यवान झालेला नाही.

इथपर्यंतचे बरेच जण सांगतात. ॲरिस्टॉटल त्याला आणखी एक गोष्ट जोडतो, ती फारशी कोणी सांगत नाही. तो म्हणतो, ज्या बांधण्याने चांगला गवंडी तयार होतो, त्याच बांधण्याने वाईट गवंडीही तयार होतो. म्हणूनच गुरू लागतो. म्हणजे हाताला काम दिले की मूल आपोआप घडते, असे अजिबात नाही. काम कसे करून घेतले यावर सगळे आहे. युवा गट निवडताना हेच पारखायचे असते, आणि आपण चौकशी करतो ती फी आणि वेळ यांची.

अशा गटांचा सगळ्यांत मोठा प्रयोग अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या मुलांमध्ये झाला. ओहायो राज्यात अल्बर्ट ग्रॅहॅम नावाचे शाळा-अधीक्षक होते. जानेवारी १९०२ मध्ये त्यांनी स्प्रिंगफील्ड गावच्या कोर्टाच्या तळघरात खेड्यांतली मुले-मुली जमवली. आपापल्या घरच्या जमिनीत थोडा मका लावा, भाजी लावा, लिटमस कागदाने मातीची परीक्षा करा, जे दिसेल ते लिहून ठेवा, असे काम त्यांना वाटून दिले. त्या काळात कृषी महाविद्यालयांत नवे बियाणे, नव्या पद्धती निघत होत्या, पण मोठे शेतकरी ऐकायला तयार नव्हते. मुलांनी मात्र करून बघितले, आणि मुलाच्या तुकड्यातला मका बापाच्या मक्यापेक्षा सरस दिसला की बाप न बोलता बियाणे बदलू लागला. १९१० साली साउथ कॅरोलायनात मरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचे टोमॅटो क्लब काढले. प्रत्येक मुलीला एक दशांश एकर जमीन. टोमॅटो तिनेच लावायचे, तिनेच डब्यांत भरून विकायचे आणि पैसेही तिचेच. ज्या काळी मुलीच्या हातात स्वतःची म्हणून दमडी नसे, त्या काळची ही गोष्ट आहे.

पुढे हे सारे क्लब एकत्र येऊन 'फोर-एच' नावाने ओळखले जाऊ लागले. डोके, हृदय, हात आणि आरोग्य या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे आणि चार पानांचे हिरवे चिन्ह. आधी पाने तीनच होती, चौथे नंतर आले. या क्लबांत मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांची नोंदवही. मुलाने कोंबड्या पाळल्या तर खाद्याला किती खर्च झाला, किती अंडी मिळाली, किती पिल्ले मेली आणि का मेली, हे सगळे त्यानेच लिहायचे. मेलेली पिल्ले वहीतून गाळायची नाहीत. ही सवय ज्याला लहानपणी लागली, त्याला मोठेपणी खोटा हिशेब लिहिताना हात अडखळेल, असे मला वाटते.

अमेरिका दूर राहिली. याच विचाराने काम करणारे एक मोठे गृहस्थ आपल्या अंधेरीतून गेले आहेत, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग. जन्म १९२८ चा. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठातून अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, मग म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत काम आणि त्यानंतर बरीच वर्षे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात. हे केंद्र अंधेरी पूर्वेला होते. चांगली नोकरी, मोठा हुद्दा. पन्नाशी उलटल्यावर ते सगळे सोडून १९८३ साली ते पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात पाबळ या दुष्काळी गावी गेले आणि तिथे 'विज्ञान आश्रम' सुरू केला.

नाव आश्रम, पण आत भजन-पूजन नाही; वेल्डिंग मशीन, सुतारकाम, रोपवाटिका, कोंबड्या आणि प्रयोगशाळा. कलबागांना एक प्रश्न सतावत होता. शाळेत नापास होऊन बाहेर पडलेला खेड्यातला मुलगा मोटार दुरुस्त करायला सहज शिकतो. मग तो वर्गात 'ढ' कसा? त्यांचे उत्तर असे की, मूल चालायला, बोलायला जसे शिकते, तीच शिकण्याची नैसर्गिक रीत आहे. खऱ्या परिस्थितीत, खरे काम करता करता. शाळा ही रीत मोडते आणि मग मुलाला दोष देते. पाबळला शाळा सोडलेली मुले येऊ लागली. वर्षभर तिथेच राहायचे आणि शेती-पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य ही चारही अंगे शिकायची. एकच धंदा पकडायचा नाही. मुलगी वेल्डिंग करणार आणि मुलगा स्वयंपाक करणार, यात तिथे कोणाला नवल वाटत नाही.

यातूनच शाळांसाठी 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा कार्यक्रम निघाला आणि राज्याच्या एसएससी बोर्डाने तो विषय म्हणून मान्य केला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस हाताचे काम. शिकवायला बी.एड. झालेले शिक्षक हवेतच असे नाही. गावातलाच सुतार, वायरमन, शेतकी जाणणारा माणूस निदेशक म्हणून येतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलांनी केलेले काम गावाच्या उपयोगाचे असले पाहिजे. शाळेची खिडकी दुरुस्त करा, कोणाच्या गोठ्याला दार बसवा, माणसांचे हिमोग्लोबिन तपासून द्या. त्याचा मोबदला घ्या आणि त्यातून सामानाचा खर्च काढा. प्रदर्शनात ठेवून दुसऱ्या दिवशी फेकायचे 'क्राफ्ट' तिथे चालत नाही. गोठ्याचे दार नीट लागले नाही तर शेतकरी दारात येऊन बोलतो, आणि त्या बोलण्यातून मुलगा जे शिकतो ते लाल शाईच्या शेऱ्याने शिकत नाही.

कलबाग सांगत की हे धंदेशिक्षण नव्हे, कामाच्या माध्यमातून दिलेले शिक्षण आहे. हा फरक आपण नीट समजून घ्यायला हवा. आपल्या मुलाला वायरिंग शिकवले म्हणजे तो वायरमन व्हावा अशी अपेक्षा नसते. (झाला तर काय बिघडले, हा वेगळा प्रश्न. उपनगरात चांगला प्लंबर वेळेवर मिळणे किती कठीण आहे, हे मी धर्मगुरूनिवासाच्या अनुभवावरून सांगू शकतो.) तो मोजायला शिकतो, मापाप्रमाणे कापायला शिकतो, चूक झाली की ती सामान वाया जाऊन समोर दिसते आणि 'सर, मी अभ्यास केला होता' ही सबब लोखंडापुढे चालत नाही. २००२ साली अमेरिकेच्या एमआयटी या नामवंत संस्थेतले प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड यांनी आपल्या 'फॅब लॅब' या नव्या कार्यशाळांपैकी अगदी सुरुवातीची एक पाबळला उभारली. संगणकावर आकृती काढून यंत्राने वस्तू घडवणारी ही कार्यशाळा. पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, कलबाग वारले. विज्ञान आश्रमाचे काम त्यांच्यामागेही चालू राहिले.

महाराष्ट्राला ही मागणी नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळेसाठी मोडी-बाळबोध लेखन, वाचन आणि हिशेब यांच्या जोडीला शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान मागितले होते. ते निवेदन बहुतांशी कागदावरच राहिले.

आता आपल्या ख्रिस्तसभेत या कामाचा मान ज्यांच्याकडे जातो त्या डॉन बॉस्कोंकडे वळू. माटुंगा आणि कुर्ला इथल्या संस्थांमुळे त्यांचे नाव मुंबईत घरोघरी माहीत आहे, पण त्यांनी नेमके काय केले हे बरेचदा माहीत नसते. वडील ते दोन वर्षांचे असताना वारले. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी त्यांनी कॅफेत काम केले, शिंप्याकडे काम शिकले. पुढे धर्मगुरू झाल्यावर तुरिन शहरात कामाच्या शोधात आलेली पोरे त्यांनी जवळ केली. सुरुवात रविवारच्या खेळाने आणि धर्मशिक्षणाने झाली, पण तेवढ्याने भागत नाही हे त्यांच्या लवकर लक्षात आले. १८५३ साली त्यांनी चांभारकामाची आणि शिवणकामाची कार्यशाळा सुरू केली, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छपाई आणि लोहारकाम. बाहेरच्या मालकांकडे मुले ठेवताना ते लेखी करार करीत. मालकाने मुलाला धंद्याबाहेरच्या कामाला जुंपायचे नाही, चुकल्यास शब्दाने सांगायचे पण हात उगारायचा नाही, रविवार आणि सणाचा दिवस मोकळा द्यायचा. ही १८५० च्या आसपासची गोष्ट आहे. आपल्या आजूबाजूच्या वर्कशॉपमध्ये आणि हॉटेलांत काम करणाऱ्या पोरांना असा करार आजही कोण देतो, ते बघा.

दुसरे नाव जोसेफ कार्डिन यांचे. बेल्जियममधला हा कामगाराचा मुलगा सेमिनरीत गेला. सुटीत घरी आला तेव्हा त्याच्या शाळेचे सोबती कारखान्यात लागलेले होते आणि आता ते त्याला परका मानू लागले होते. मुलाच्या शिक्षणासाठी राबणारे वडील १९०३ साली वारले. कामगारांसाठी आयुष्य द्यायचे, असे त्याने तेव्हाच ठरवले. १९२५ साली त्यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना उभारली. विद्यार्थ्यांची वायसीएस चळवळ त्याच कुळातली. तिची पद्धत तीन शब्दांची आहे : पाहा, पारखा, करा. पोप तेविसावे योहान यांनी १९६१ च्या आपल्या सामाजिक पत्रात या पद्धतीला मान्यता दिली, आणि कार्डिन १९६५ साली कार्डिनल झाले.

कार्डिन यांच्या तीन शब्दांतला मधला शब्द हाताच्या कामाच्या गटांत बहुधा गळतो, म्हणून त्याच्यावर थोडे थांबतो. मुले पाहतात, लगेच करू लागतात, पारखणे राहून जाते. समजा गटाने इमारतीतल्या ओल्या कचऱ्याचे खत करायचे ठरवले. हे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण ते आपल्या दारातले आहे. गोराईचे डंपिंग ग्राउंड २००७ साली बंद झाले, मुलुंडचे २०१८ साली. कचरा काही बंद झाला नाही. ज्या मोठ्या सोसायट्यांचा दिवसाचा कचरा शंभर किलोंवर जातो, त्यांनी ओला कचरा आपल्याच आवारात जिरवावा असे महापालिकेने २०१७ साली फर्मावले. त्यावर किती सोसायट्यांत किती वाद झाले, ते इथे लिहीत नाही.

खताचे काम वरून सोपे दिसते. बाजूला भोके पाडलेला ड्रम घ्यायचा, एक बादली ओला कचरा टाकला की साधारण दोन बादल्या सुका पाला किंवा भुसा टाकायचा, मधून मधून ढवळायचे आणि दोन-तीन महिने वाट बघायची. पण पहिल्याच पंधरवड्यात वास सुटतो. का सुटला? ओल जास्त झाली आणि आत हवा पोचत नाही. मुठीत धरून दाबले तर पिळलेल्या स्पंजइतकीच ओल लागली पाहिजे. पाणी गळाले तर पाला वाढवायचा. मुंग्या लागल्या तर उलट, फार कोरडे झाले. ढीग पुरेसा मोठा, साधारण तीन फूट लांब-रुंद-उंच असेल, तर आत पन्नास-साठ अंश सेल्सिअस उष्णता तयार होते. हात जवळ नेला तरी ऊब लागते, आणि ते पहिल्यांदा कळते तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आपल्या घरांत मासळी असते. तिचे काटे आणि डोकी टाकायची की नाही, यावर गटात भांडण होणार. टाकलीच तर थोडी, आणि ढिगाच्या पोटात खोल. नाहीतर मांजरी सगळे उपसून ठेवतात. जुलैच्या पावसात झाकण नीट बसले नाही तर महिन्याभराच्या कष्टांचे पाणी होते.

यात विज्ञान आले. आता जीवनकौशल्ये बघा. ड्रम ठेवायला जागा हवी, म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज लिहायचा. ते नाही म्हणाले की पुन्हा जायचे, आणि ते का नाही म्हणाले हे समजून घेऊन जायचे. तळमजल्यावरच्या बाईंना वासाचा त्रास होतो. त्यांच्याशी नीट बोलायचे. ड्रमला किती पैसे लागले, खत विकून किती आले, वहीत लिहायचे. परीक्षेच्या आठवड्यात ढवळायची पाळी कोणाची, हे आधीच ठरवायचे. जागतिक आरोग्य संघटनेची दहाच्या दहा कौशल्ये त्या एका ड्रममध्ये सापडतात, आणि एकाचेही नाव घ्यावे लागत नाही.

आणि पारखणे ते कुठे? ते इथे. हे काम सुरू करण्याआधी या इमारतीचा कचरा रोज कोण उचलतो, हे मुलांनी पाहिलेले असायला हवे. त्याचे नाव काय, त्याला हातमोजे मिळतात का, आपण एकत्र टाकलेला ओला-सुका कचरा तो उघड्या हातांनी वेगळा करतो का, आणि हे काम एकाच समाजाच्या माणसांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या का आले? आपल्या देशात हाताच्या कामाला जात चिकटलेली आहे. जो जितका हाताने राबतो तो तितका खालचा, ही समजूत ख्रिस्ती घरांतून गेली असे मी म्हणणार नाही. मरोळ-गोराईच्या जुन्या ईस्ट इंडियन घरांतले आजोबा स्वतः भात लावत. नगर-नाशिककडून आलेल्या कुटुंबांत तर शेतात आणि कारखान्यात राबलेले हात अजून आहेत. आणि त्याच घरांत "शिकला नाहीस तर झाडू मारशील" हे वाक्य मुलाच्या कानावर रोज पडते. सुताराच्या घरी वाढलेल्या प्रभूला आणि करिंथ शहरात अक्विला-प्रिस्किल्लाच्या सोबतीने तंबू शिवून पोट भरणाऱ्या संत पौलाला आपण वेदीवर मान देतो. जिना झाडणाऱ्याला मात्र पाणी वेगळ्या ग्लासात देतो. मुलाने तीन महिने स्वतः कचऱ्यात हात घातला की हे वाक्य त्याला वेगळे ऐकू येते. तो गप्प बसेल किंवा उलट बोलेल, पण आधीसारखे ऐकणार नाही. गटाने खताच्या विक्रीतून पहिल्यांदा हातमोजे घ्यावेत, असे कोणी मूल आपणहून सुचवते तेव्हा पारखणे झाले असे समजावे. मोठ्यांनी ते सुचवू नये.

मोठ्यांच्या लुडबुडीबद्दल आणखी लिहायला हवे, कारण चांगले गट त्यापायीच बिघडतात. स्पर्धेची तारीख जवळ आली, मुलांचे काम वेडेवाकडे दिसते, मग कोणाचे तरी बाबा रात्री बसून ते सरळ करून देतात. मॉडेलला बक्षीस मिळते, फोटो निघतो. मुलगा त्यातून काय शिकला? काम दुसऱ्याने करायचे आणि नाव आपले लावायचे, हे त्याने हातांनी शिकून घेतले. ॲरिस्टॉटल म्हणतो तो वाईट गवंडी असा तयार होतो. म्हणून गटाच्या प्रमुखांना विचारा की गेल्या वर्षी कोणते काम फसले. "आमचे सगळेच यशस्वी झाले" असे उत्तर आले तर थोडे सावध व्हा. फसलेल्या कामाची नोंदवही दाखवणारा गट खात्रीचा. हत्यारे आणि वीज हाताळताना जवळ जाणते माणूस कोण असते, तेही विचारा. मुलाला करू देणे म्हणजे त्याला एकटे सोडणे नव्हे. मुली फक्त सजावट आणि चहा बघतात का, हे विचारायची गरज नाही, एक रविवार जाऊन बघितले की कळते.

सर्टिफिकेटचा प्रश्न राहिला. काही गट देतात, काही देत नाहीत. ते घरी फाइलमध्ये राहते आणि तिथे असायला हरकत नाही. पण त्यासाठीच मुलाला पाठवले असेल तर ते त्याला चटकन कळते, आणि मग तो हजेरीपुरता येतो.

शेवटी दहावी. आठवीपर्यंत उत्साहाने येणारी मुले नववीत विरळ होतात आणि दहावीच्या जूनमध्ये गायब होतात. पालक म्हणतात, "फादर, एवढं वर्ष जाऊ द्या." मी वाद घालत नाही, क्लासची फी त्यांनी भरलेली असते, मी नाही. पण काम आणि गट पूर्ण तुटण्याची गरज नाही, एवढे सुचवतो. दहावीच्या मुलाकडे ढवळणे, खोदणे देऊ नका. हिशेबाची वही द्या. आठवड्याला अर्धा तास लागतो. फेब्रुवारीत तीही कोणा आठवीच्या मुलाकडे सोपवावी, मात्र नुसती हातात देऊ नये. दोघांनी एक रविवार मिस्सानंतर पॅरिश हॉलच्या मागच्या बाकावर बसून पहिल्या पानापासून ती वाचावी, आणि ज्या पानांवर बेरीज जमत नाही तिथे ती का जमत नाही हे मोठ्याने लहानाला सांगावे.